कुंडी खाली ठेवा

सिंधूताईंना एका जागी बसवत नसे. भोपाळला, बरखेड्यातल्या त्यांच्या क्वार्टरात कुंड्यांची वर्षभर वरात चाले. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर, ऊन चढलं की जमिनीवर भिंतीशी, थंडीत खिडकीच्या आत. आणि झाडं तरी कुठली, तर अननसाच्या भावकीतली वीतभर ब्रोमेलियाडं. "गुलाब लाव, निदान पूजेला होतील," असं म्हणून म्हणून त्यांचे यजमान भालचंद्रराव थकले होते.

या झाडाची तऱ्हाच वेगळी. मुळाशी फार पाणी नको, पण पानांच्या मधोमध जो पेला असतो तो भरलेला हवा. आयुष्यात एकदाच फुलायचं, बुडाशी पिल्लू द्यायचं आणि मग सावकाश मरायचं. लग्न होऊन वर्ध्याहून आल्या त्या साली लावलेल्या रोपाचा वंश ताईंनी असा पिल्लापिल्लांनी चालवला होता. यंदा एकच पिल्लू आलं, आणि यंदाच भालचंद्रराव कारखान्यातून निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडून मिसरोदच्या फ्लॅटमध्ये जायचं. पिल्लू जगलं तर वंश बरोबर येणार, नाहीतर इथेच संपणार, या विचाराने ताईंची झोप उडाली होती.

त्यात मे महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न, दोघांनाही जायचं होतं. निघताना ताईंनी शेजारच्या मिश्रा भाभींना किल्ली देऊन बजावलं, "पानी मैं भरके जा रही, भाभी. आप बस धूप बढ़ी कि गमले खाली रखना."

"रख दूँगी, दीदी."

लग्नात ताईंचं चित्त नव्हतं. हातात अक्षता आणि डोक्यात भोपाळची लू. "घरी कुणी आजारी आहे का गं?" बहीण मालती वैतागून म्हणाली. शेवटी ताईंनी फोन लावला. "खाली रखे हैं न?"

"रोज़ देखती हूँ दीदी, एकदम खाली."

तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

परत आल्या तर कुंड्या कठड्यावरच, भर उन्हात. पेले कोरडे ठणठणीत. आई-रोप वाळून गेलेलं, पिल्लाची पानं करपलेली.

"भाभी, ये क्या किया?" ताईंचा आवाज चढला.

"आपने जो बोला था. रोज़ तिरछा करके खाली किया, बूँद नहीं छोड़ी. मलेरिया वाले आए थे, वो भी बोले बहुत अच्छा."

आता ताईंच्या लक्षात आलं. त्यांना म्हणायचं होतं, खाली, जमिनीवर. भाभींनी ऐकलं ते हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामं. इतकी वर्षं हिंदीत भाजी घेतली, हिंदीत भांडल्या, आणि ऐन वेळी तोंडातून मराठी निघालं. राग आला तो सगळा स्वतःचाच.

त्यांनी पिल्लाचं मधलं पान चिमटीत धरून हलकेच ओढलं. ते निघून आलं नाही, म्हणजे गाभा अजून जिवंत होता. मग भाजीच्या सुरीने पिल्लू आईपासून सोडवलं, काथ्या आणि कोळशाचे तुकडे घालून लहानशा कुंडीत बसवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, थेट ऊन येणार नाही असं ठेवलं. पेल्यात चमच्याने पाणी. दिवसातून किती वेळा डोकवायच्या याला सुमार नव्हता. "तुझीच दृष्ट लागेल त्याला," भालचंद्रराव म्हणायचे. भाभीही साखर मागायच्या निमित्ताने यायच्या आणि अपराध्यासारख्या खिडकीकडे बघायच्या. पावसाळा सरता सरता मधून नखाएवढं हिरवं पान वर आलं, आणि दोघी तिथेच उभ्या राहून रडल्या.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पो दाराशी लागला. ताई या खोलीतून त्या खोलीत, पुन्हा त्या खोलीतून या खोलीत. भाभी दोन्ही हातांत कुंडी धरून दारात उभ्या.

"भाभी, ज़रा खाली..." बोलता बोलता ताई थांबल्या.

"कौन सा खाली, दीदी?" भाभींनी हळूच विचारलं. "नीचे वाला, कि इस घर वाला?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. भिंतींवर कॅलेंडरांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

"मेरे पास ही दे दो," त्या म्हणाल्या. कुंडी मांडीवर घेऊन त्या टेम्पोत बसल्या, आणि मिसरोद येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.