मेलेल्या हत्तिणीची नोंद

"कान कोण बघतं एवढे?" आमचा मॅनेजर फोनवर कुणाला तरी म्हणत होता. माणूस पुण्याचा, मराठीत बोललं की खासगी झालं, असं त्याला वाटतं. शेजारच्या टेबलावर ताईंनी ते ऐकलं आणि स्क्रीनवरचा हत्तीचा कान आणखी मोठा केला.

आमच्या ओटावाच्या ऑफिसात आफ्रिकेतल्या पाणवठ्यांवरचे फोटो येतात. हत्ती कोणता, ते सॉफ्टवेअर ठरवतं. त्याच्या चुका ताई दुरुस्त करायच्या. नागपूरच्या, साठीला टेकलेल्या. आफ्रिकेत कधीच गेल्या नव्हत्या, पण कानाची फाटकी कड आणि झिजलेला सुळा पाहून हत्ती ओळखायच्या. मी भराभर क्लिक करू लागले की म्हणायच्या, "थांब नं पोरी. कुठं पळून राहिली?" तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, ज्याला सगळे 'स्लो' म्हणतात.

एका कळपाची म्हातारी पुढारीण ताईंची लाडकी. सगळं आटलं की कळपाला लांबच्या पाण्यावर तीच न्यायची. या हिवाळ्यात ती फोटोंत आडवी पडलेली दिसली. भोवती कळप उभा, आणि तिची मुलगी मागच्या पायाने तिला हळूच चाचपतेय. तरी सॉफ्टवेअर तिला जिवंतच दाखवत राहिलं. कळपापुढे आता मुलगी चालत होती आणि तिचा कान थेट आईसारखा होता, म्हणून सॉफ्टवेअर तिलाच आई समजत होतं.

ताईंनी नोंद बदलली. मॅनेजरने ती परत फिरवली. देणगीदारांना म्हातारी आवडते, तिला राहू द्या म्हणाला.

"मग लेकीचं काय?" ताई म्हणाल्या. "माय गेल्यावर कळप तिनं सांभाळला, अन् तुम्ही तिला मेलेलीचं नाव देऊन राहिले."

मी चार फुटांवर होते. कॉफीच्या कपाचं झाकण काढत होते, लावत होते.

पुढच्या आठवड्यात ताईंची पोस्टच काढून टाकली. त्यांनी स्नो बूट घातले, ऑफिसातल्या चपला पिशवीत टाकल्या आणि बस पकडायला निघाल्या. कुणी उठलं नाही. मीही नाही. मॅनेजरचा राग येतोच, पण त्या झाकणाशी खेळणाऱ्या हातांचा जास्त येतो.

काल देणगीदार आले होते. पडद्यावर मुलगी, मागे पिल्लं. म्हातारी अजून ठणठणीत आहे, मॅनेजर हसून सांगत होता. शाळेत हजेरी देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. पण मी उभी राहिले.

"ही ती नाही," मी म्हणाले. "ती मेली. आपल्याकडे फोटो आहेत. आणि ज्यांनी ते ओळखलं, त्यांना तुम्ही काढून टाकलंत."