होडीवरची राख

दसरा झाला की आमची टोळी ऊसतोडीला निघते. आमचं गाव शेवगावच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, मासे धरतात, हिवाळाभर आम्ही दोघं कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर. त्या वर्षी नवी होडी घेतली होती. छोटी, ॲल्युमिनियमची. आमच्याकडं तिला जर्मनची होडी म्हणतात, जसं जर्मनचं पातेलं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ती अंगणात लिंबाखाली विटांवर पालथी घातली आणि माझ्या सासूच्या हवाली केली. ती फडावर येत नसे, घर सांभाळी.

म्हातारीचा होडीवर जीव नव्हता, पोरावर होता. माझ्या सासऱ्यांची होडी लाकडाची. एका हिवाळ्यात ती अशीच पालथी पडून राहिली आणि वाळवीनं तळाची फळी आतून खाल्ली. वरून काही कळलं नाही. सासरे पाण्यात गेले, मध्यावर फळी फुटली, पाय जाळ्यात गुंतला, ते वर आलेच नाहीत. माझं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट. पुढं आमच्या मालकांनी मासे धरायचं नाव काढलं तेव्हा म्हातारीनं अन्नपाणी सोडलं. शेवटी, लाकडाची नाही, जर्मनची घेतो, असं त्यांनी कबूल केल्यावर तिनं भाकरी मोडली.

तरी जाताना बघते तर ही बाई चुलीतली राख घमेल्यात भरून होडीवर पसरतेय.

"अहो आत्या, वाळवीला काय लोखंडाचे दात हायेत का? पत्रा खाती व्हय ती?"

"तू गप गं. तिचा काय भरवसा? हुलग्याला राख लावतो, किडा लागतो का? मग!"

मला हसूच आलं. आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काही वाटलंही नाही. जर्मनची पातेली आम्ही जन्मभर राखेनंच घासत आलोय.

फडावर मालक फोन लावायचे, तर म्हातारी आधी होडीचंच सांगायची. ऊन लागू नये म्हणून गोणपाटं टाकलीत. दव लई पडतंय. राख रोज नवी टाकते. नातेवाइकाच्या लग्नाला बोलावणं आलं तरी ती गेली नाही, होडी उघडी पडंल म्हणून. पोटच्या लेकरालासुद्धा कुणी एवढं जपत नसेल, असं मी मालकांना चिडवायचे. ते नुसते हसायचे, पण त्यांना बरं वाटायचं.

गुढीपाडव्याच्या आधी आम्ही परत आलो. मालक सकाळीच होडी काढायला गेले. गोणपाटं ओढली तर ती चिकटून बसलेली. खाली राखेचा थर, दवानं भिजून भिजून चुन्यासारखा झालेला. मालकांनी खराट्यानं तो खरवडला आणि खराटा तसाच हातात धरून उभे राहिले. पत्र्याला पांढरी भुकटी सुटली होती, बोट लावलं की झडत होती. होडी आडवी केली तर तळाला चाळणीसारखी भोकं, पलीकडचं ऊन दिसत होतं.

माझं तोंड मुळातच फाटकं. "आत्या! काय करून ठेवलंत हे! ओली राख हिवाळाभर बसून राहिली, तिनं खाल्ली की सगळी होडी!"

मालकांनी मला डोळ्यांनीच दटावलं. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आये, गारा पडल्या हुत्या का गं औंदा?"

म्हातारीला वाट करून देत होते. ती घेतली असती तर तिघंही सुटलो असतो. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हे.

"गारा कुठल्या? एक दिवस खाडा केला न्हाई मी. रोज टाकली राख."

पुढं आली, वाकली, एका भोकात तिनं करंगळी घातली. करंगळी पार आत गेली. वाटलं, आता रडेल, नाहीतर मला दोन शिव्या हासडेल, आणि होईल मोकळी.

ती म्हणाली, "त्यांच्या होडीलाबी राख मीच लावायची."

मालकांच्या हातातला खराटा खाली पडला. "आये, ती लाकडाची हुती. ती वाळवीनं खाल्ली. लाकडाला राखेनं काय बी हुत न्हाई, इचार कुनालाबी!"

मीही पुढं झाले. तिचा हात धरला. "देवाशपथ आत्या, लाकडाला काय हुत न्हाई."

तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं.

"जर्मनलाबी काय हुत न्हाई, असंच वाटलं हुतं मला," ती म्हणाली.

पत्रा मारून होडी दुरुस्त झाली, मालक पाण्यात जायला लागले. पण दसरा आला तसं म्हातारीनं स्वतःचं गाठोडं बांधलं. तेव्हापासून ती आमच्याबरोबर फडावर येते. होडी आता एका शेजाऱ्याच्या पडवीत असते. ती कुठं ठेवली, कशी ठेवली, हे तिनं आजतागायत विचारलेलं नाही.