शेजारणीची दुनळी

आमच्या बिल्डिंगमध्ये बंदूक एकच होती आणि ती माझी नव्हती.

ती होती नवव्या मजल्यावरच्या ताईंची. ताई मूळच्या कोलशेतच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना चार फ्लॅट दिले. मी सातव्या मजल्यावर राहते. माझा एक फ्लॅट मिळवायला मी आठ महिने त्याच बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसत होते. भाव खाली आणला, पार्किंग पदरात पाडून घेतलं, शेवटी ओट्याचा दगडही माझ्या पसंतीचा बसवून घेतला. लोक म्हणाले, तुम्ही जिंकलात. पण लिफ्टमध्ये ताई भेटल्या की मला ते आठ महिने आठवायचे. त्यांनी एक शब्दही न बोलता चार मिळवले होते.

माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना वागळे इस्टेटमध्ये आहे. दोन मशिनवर सुरू केला, आता अकरा आहेत. कल्याणच्या घाऊक बाजारात माझी खोकी जातात आणि तिथले व्यापारी मी दिसले की आपसात म्हणतात, आली, आता चहा सांगा, वेळ लागणार. मला कोणी काही सहज दिलेलं नाही, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे, तक्रारच आहे.

ताईंचे यजमान वारले तेव्हा चार फ्लॅटांसोबत ती दुनळी बंदूकही त्यांच्याकडे आली. बारा बोअरची, सासऱ्यांनी शेतात घुसणारी डुकरं हाकलायला घेतलेली. आधी सासऱ्यांच्या नावावर, मग नवऱ्याच्या, आणि आता वारस म्हणून ताईंच्या. शेत गेलं, डुकरं गेली, तिथे आता बावीस मजले आणि एक क्लबहाउस आहे, पण परवाना एकाकडून दुसऱ्याकडे येत राहिला. फक्त ताईंना शस्त्र हाताळण्याचा कोर्स करणं भाग होतं, त्याचं सर्टिफिकेट लागत होतं.

"बाय, तू पन चल गो माझ्याबरोबर," त्या मला म्हणाल्या. "एकटीला मना बरं नाय वाटत."

मी गेले ते गाडी माझी होती म्हणून. आणि उत्सुकता होतीच.

रायफल क्लबमध्ये कोच तरुण होता, शांत. त्याने आधी नियम सांगितले. नळी कायम समोर. निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. बंदूक रिकामी आहे असं कोणी कितीही सांगितलं तरी ती भरलेली आहे असंच समजायचं. मग त्याने छर्ऱ्यांची पिस्तुलं टेबलावर मांडली. ही हवेवर चालतात, ठरावीक ताकदीपर्यंत त्यांना परवाना लागत नाही. मी तीन वेगवेगळी हातात घेऊन बघितली. एकाचा लाकडी दस्ता माझ्या पंजाला मोठा होता, दुसऱ्याचं वजन सगळं पुढे जात होतं. तिसरं मात्र हातात असं बसलं की मला ते टेबलावर परत ठेववेना. माझा तळवा लहान आहे. आजवर सगळी अवजारं मला पुरुषांच्या मापाची मिळाली होती. पहिल्यांदाच कोणी तरी माझ्या मापाचं काहीतरी बनवलं होतं.

मी पाच छर्रे मारले. पाचही डावीकडे खाली.

"मॅडम, तुम्ही ट्रिगर दाबत नाही, ओरबाडता," कोच म्हणाला. "श्वास सोडा. घाई कसली आहे?"

मग ताईंची पाळी. त्यांनी पदर खोचला, हिरव्या बांगड्या कोपराकडे सारल्या, आणि हात सरळ केला. पाचपैकी तीन काळ्या गोलात. कोचने कागद जवळ आणून दोनदा पाहिला.

"आधी कधी केलंय का?"

"नाय रे. लहानपनी मिठागरान बगल्यांवर दगर मारायचो आमी," ताई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मी दर रविवारी जायला लागले. पिस्तूल विकत घेतलं, घासाघीस करून. छर्रे चपट्या तोंडाचे घ्यायचे, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं, हे शिकले. सहा महिन्यांत माझे छर्रे गोलात जायला लागले. ताईंना सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी त्यांनी क्लबमध्ये येणं बंद केलं, आणि कोच मला अधूनमधून विचारायचा, "त्या ताई नाही का येत आता? हात फार स्थिर होता हो त्यांचा."

खरी आग मात्र निवडणुकीच्या वेळी लागली. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, पावती मिळते, निकालानंतर परत. ताईंनी मला पुन्हा गाडी काढायला लावली. चादरीत गुंडाळलेली दुनळी मागच्या सीटवर आडवी. पोलीस ठाण्यात गेलो तर रांग. सोनार, बिल्डर, दोन बारमालक, एक डॉक्टर. सगळ्यांच्या हातात पिशव्या नाहीतर पेट्या, सगळे कंटाळलेले, सगळे एकमेकांना ओळखणारे. "काय, यावेळी पण?" "काय करणार, दरवेळची कटकट." एकाने ताईंना खुर्ची दिली. दुसऱ्याने त्यांच्या सासऱ्यांची आठवण काढली. मला हवालदार म्हणाला, "तुमचं काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग जरा बाजूला उभ्या राहा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या कटकटीचा मला हेवा वाटला. जमा करायलाही आधी काहीतरी असावं लागतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी परवान्यासाठी अर्ज केला. कारण लिहिलं: व्यवसायानिमित्त रोख रकमेची ने-आण, कल्याण ते ठाणे. खोटं नव्हतं. दर शनिवारी मी बाजारातून वसुली घेऊन येते.

परवाना हातात नसताना शस्त्राच्या दुकानात जायचं नसतं. मी गेले. मला वाटलं, वस्तू आधी ठरवून ठेवावी, म्हणजे नंतर भाव चढवायला कोणी नको.

दुकानदार साठीचा. त्याने आधी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "साहेब गाडी लावतायत का?"

"साहेब घरी आहेत, कुकर लावतायत. मला दाखवा."

त्याने काचेखालची बत्तीस बोअरची दोन हत्यारं दाखवली, एक रिव्हॉल्वर, एक पिस्तूल. हातात दिली नाहीत. नऊ एमएमचं विचारलं तर म्हणाला, ते पोलिसांचं आणि लष्कराचं, आपल्याला मिळत नाही. "घरासाठी की जवळ बाळगायला?"

"दोन्ही."

"मग रिव्हॉल्वर घ्या. सहा गोळ्या, अडकत नाही, रोज साफ केलं नाही तरी चालतं. पिस्तुलात गोळ्या जास्त, पण हाताला सवय असावी लागते. घाबरलेल्या माणसाला साधी वस्तू बरी."

"मी घाबरणारी नाही. आणि बारा बोअर?"

"फ्लॅटमध्ये? कॉरिडॉरमध्ये वळवता तरी येईल का? आणि मॅडम, आजकालच्या भिंती चार इंची. तुमची गोळी शेजारच्यांच्या हॉलमध्ये जाईल." मग थांबून म्हणाला, "खरं सांगू का? घरासाठी आधी चांगलं सेफ्टी डोअर लावा. सत्तर टक्के काम तेच करतं."

हे सत्तर टक्के त्याने कुठून आणले ते त्यालाच ठाऊक. मला मात्र बारा बोअर फ्लॅटमध्ये निरुपयोगी आहे हे ऐकून इतका आनंद झाला की मी त्याला पुन्हा एकदा तेच बोलायला लावलं.

रिव्हॉल्वरचा भाव कमी होईना. सरकारी कारखान्याचा माल, किंमत ठरलेली, तो हात जोडून म्हणत राहिला. मी तासभर बसले. माझ्या आयुष्यात भाव कमी न करता मी कुठल्या दुकानातून उठलेली नाही, तशी तिथूनही उठणार नव्हते. शेवटी मी बाकीच्या सामानाकडे वळले. कमरेला लावायचं चामड्याचं होल्स्टर, नळी साफ करायचा गज आणि ब्रश, तेल, आकड्यांचं कुलूप असलेली लोखंडी पेटी, कानांवर लावायचे मफ्स. त्यावर मात्र त्याला सोडलंच नाही. सगळं एकदम घेते म्हटलं आणि निम्म्याच्या जवळ आणलं.

"मॅडम, परवाना आल्यावर घ्या ना. नाही आला तर हे काय करणार?"

"का नाही येणार?"

तो बिल करायला लागला.

घरी ती पेटी पाहून नवरा म्हणाला, "अगं, यात ठेवणार काय?"

"येईल ते ठेवीन."

पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजाऱ्यांचे जबाब घेतले. त्यात ताई होत्या. संध्याकाळी मी वर गेले. "काय सांगितलंत माझ्याबद्दल?"

"सांगितला, बाई चांगली हाय. कष्टानी वर आलेली. भांडते, पन तोंडान. हात नाय उचलत."

"भांडते हे कशाला सांगितलंत?"

"अगो, ते वॉचमनला पन ठाव हाय."

मला राग आला. पण आजवर माझ्याबद्दल सरकारी कागदावर कोणी इतकं बरं लिहायला लावलं नव्हतं, हेही होतं. हे चांगलं वाक्यसुद्धा त्यांच्याकडूनच यावं, याचा जास्त राग आला.

सुनावणीचं बोलावणं आलं तेव्हा ताई म्हणाल्या, मी येते सोबतीला, तू माझ्यासाठी एवढ्या वेळा आलीस. त्या बाहेर बाकावर बसल्या. अधिकाऱ्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडंच राहिलं होतं, पंखा बंद होता म्हणून असेल.

अधिकारी चाळिशीचे होते. फाइल नीट वाचलेली. "तुम्हाला कधी कोणी लुटलंय?"

"नाही."

"धमकी? फोन, चिठ्ठी?"

"नाही. बाजारात धमक्या मीच देते."

ते हसले नाहीत. "रोख रक्कम बँकेमार्फत का फिरवत नाही? व्यापारी ऑनलाइन देतात आता."

मी सांगितलं, काही देतात, काही नाही. ते लिहीत होते. मला त्यांचा शांतपणा सहन होईना. समोरचा माणूस चढा बोलला की मला कळतं कुठे पकडायचं. हा माणूस काहीच मागत नव्हता, काहीच सोडत नव्हता.

"मॅडम, शस्त्र हवं हे समजतं. गरज दिसत नाही."

"माझ्या शेजारणीकडे आहे," मी म्हणाले. "तिला कोणी गरज विचारली? कुठलं शेत राखते ती? मी तीस वर्षं कारखाना चालवते, कर भरते, क्लबमध्ये जाऊन शिकले. ती काय करते? कपाटात ठेवते. आणि मला गरज दाखवायला सांगता?"

"त्यांचं वारसाहक्काचं असेल. वेगळा नियम आहे."

"म्हणजे काय, नवरा मरावा लागतो का? तो मेला म्हणून तिला मिळाली, आणि माझा जिवंत आहे म्हणून मला नाही?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही येऊ शकता." त्यांनी काय ठरवलं हे मला तेव्हाच कळलं. अर्ज नाकारल्याचं पत्र नंतर आलं, त्यात दोनच ओळी होत्या.

बाहेर ताई बाकावर होत्या. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. घोडबंदर रोडला नेहमीचा ट्रॅफिक, पाऊण तास आम्ही गाडीत. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, सिग्नल सुटला हे सांगायला.

पत्र आल्याचं त्यांना माझ्या नवऱ्याकडून कळलं असणार. त्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ताई, आणि हातात चादरीत गुंडाळलेली दुनळी, लिफ्टमधून आणलेली, जशी कोणी शिडी आणून देतं तशी.

"ही घे. तुझ्या घरान ठेव."

"ताई, अहो, असं चालत नाही. परवाना तुमच्या नावावर आहे. माझ्या घरात सापडली तर दोघीही आत जाऊ."

"कोन येतंय बघायला? तुला पायजे ना? मना कदीच नको होती ती." त्यांनी बंदूक सोफ्यावर ठेवली आणि शेजारी बसल्या. "ते रोज रात्री तेल लावून पुसायचे. मी फक्त कपाट उघरते, बघते आन बंद करते. लायसन रद्द केला तर सरकार घेऊन जाईल, म्हनून कोर्स केला. दुसरं काय नाय."

मी त्यांची माफी मागायला हवी होती. मला ती मागता आली नाही. मी भाव करू शकते, भांडू शकते, पण हे मला कधी जमलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला वाटलं, बघा, दुःख ठेवायलासुद्धा यांच्याकडे कशी जागा आहे.

मी चादर सोडली. बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्या पाहिल्या, रिकाम्या होत्या. कोचचे शब्द आठवून तरीही नळी जमिनीकडे धरली. दस्ता अक्रोडाचा, जिथे गाल टेकतो तिथे गुळगुळीत झालेला. माझ्या हाताला ती मोठी होती, फारच मोठी.

"चला," मी म्हटलं. "वर पोचवते. तुम्ही पुढे व्हा, तुमच्याबरोबर असेन तर निदान तुमचीच आहे असं म्हणता तरी येईल."

लिफ्ट नको म्हटलं, कॅमेरा आहे. आम्ही जिन्याने गेलो. दोन मजले, चौतीस पायऱ्या, ताई पुढे गुडघ्यावर हात ठेवून चढत होत्या आणि मी मागे, चादरीतली दुनळी दोन्ही हातांवर. त्यांनी कपाट उघडलं. आत यजमानांचे दोन शर्ट अजून टांगलेले होते आणि तेलाची बाटली. मी बंदूक आत ठेवली.

"नीट ठेवलीस ना?" ताईंनी विचारलं.

"हो."

त्यांनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि चहा टाकायला आत गेल्या. मी त्या कपाटासमोर उभी होते. मला ती अजूनही हवी होती.