ताई, इंटरव्ह्यूला काय घालून येऊ?

आमच्या रिसेप्शनवर दोन गोष्टी साठत जातात. विसरलेल्या छत्र्या आणि इंटरव्ह्यूचे किस्से. छत्र्या निदान कुणीतरी परत न्यायला येतं. किस्से माझ्याच गळ्यात राहतात, आणि मला गप्प बसता येत नाही. खरं तर मला नुसतं बसताच येत नाही! माझा पाय टेबलाखाली सारखा हलत असतो.

एचआरच्या कामत मॅडम म्हणतात, "सुषमा, इंटरव्ह्यू त्यांचा असतो आणि घाम तुला फुटतो." काय करू? पनवेलबाहेर हायवेला लागून आमच्या कंपनीची गोदामं. तिथे नोकरीला येणारी पोरं आदल्या दिवशी फोन करून मलाच विचारतात, ताई, काय घालून येऊ, काय आणू? सांगून बसले की मग ते माझ्याच जिवाला लागतं.

*

आधी मी सगळ्यांना टाय लावून यायला सांगायचे. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी ड्रॉवरमध्ये एक ठेवला होता. मरून रंगाचा, आमच्या ह्यांच्या लग्नातला. एके दिवशी चार पोरं आली आणि चौघांच्याही गळ्यात काही नाही. बाहेर येणाऱ्याने टाय डोक्यावरून काढायचा आणि आत जाणाऱ्याच्या डोक्यातून घालायचा, गाठ तशीच! कारण ती परत बांधता कुणालाच येत नव्हती.

चौथा बाहेर आला तशा मॅडमही त्याच्या मागोमाग दारात आल्या. म्हणाल्या, "हे सगळे एकाच बँड पथकातले आहेत का गं?"

टाय बंद झाला.

*

मग बुटांचं. केबिनच्या दाराशी गणपतीचा फोटो आहे. एकाने तो बघून बूट बाहेर काढले. त्याचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. मी फोनवर होते. वळून बघते तर दारात चपलाबुटांची रास, आणि आत पोरं मोज्यांवर, पाय खुर्चीखाली चोरून बसलेली. एकाचा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावत होता.

मॅडम म्हणाल्या, "सुषमा, प्रसाद कधी आहे?"

*

आता निलेश. त्याच्यासाठी मी जेवढी नखं खाल्ली तेवढी स्वतःच्या दहावीच्या निकालाला खाल्ली नव्हती.

निलेश ओव्याचा. खारघरच्या टोकाला ते जुनं गाव आहे ना, तिथला. शेती कधीच गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले. घरी कशाची ददात नव्हती. पण बेलपाड्याच्या प्राचीशी त्याचं जमलं, आणि तिच्या वडिलांनी एकच प्रश्न टाकला. "घर हाय, गाडी हाय, भाड्याचे गाळे हायत. पन सकाली उठून पोऱ्या जातो कुठं?"

नोकरी लागली तर लग्न. नाहीतर नाही. डिस्पॅचची जागा निघाली म्हणून तो आमच्याकडे आला.

पहिल्या वेळी मी फोनवर म्हटलं, चांगले कपडे घालून ये. तो मोठ्या गाडीतून उतरला. पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड चेन, हातात कडं, बोटांत अंगठ्या. मागून काका, मामा आणि दोन चुलतभाऊ. चांगल्या कामाला एकट्याने जायचं नसतं म्हणून सगळेच केबिनमध्ये शिरले. काकांनी सूत्रं हातात घेतली. मॅडमना मूळ गाव विचारलं, कंपनीत माणसं कशी आहेत विचारलं, पोरगं सुखात राहील ना, तेही विचारलं. मुलगी बघायला गेल्यासारखं!

मॅडम सुती कुडत्यात होत्या आणि स्कूटीवरून आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, त्यापेक्षा तुम्हीच मला नोकरीवर ठेवता का?"

*

मॅडमनी त्याला पुन्हा एकट्यालाच बोलावलं, तेव्हा मी बजावलं. सोनं नाही, गाडी नाही, माणसं नाहीत. अगदी साधा ये.

तो इतका साधा आला की गेटवरच्या दत्तूमामांनी ओळखलंच नाही. विटलेला टी-शर्ट, पायात स्लीपर. मामांना वाटलं, माल चढवायला माणूस पाठवलाय. त्यांनी त्याला सरळ गोदामात धाडला. इथे मी त्याच्या नावाने दाराकडे बघतेय, फोन लावतेय, उचलत नाही. फोन खिशात आणि दोन्ही हातांत खोके! जेवायच्या सुट्टीत घामाने निथळत आला तेव्हा मॅडम निघून गेल्या होत्या.

मी ओरडलेच. म्हटलं, अरे, तोंड नव्हतं का सांगायला?

तो म्हणाला, "मना वाटला प्रॅक्टिकल हाय."

मी हसले, आणि मग मला रडूच आलं. कारण लग्नाची तारीख ठरून गेली होती. नोकरी लागल्यातच जमा आहे असं काकांनी प्राचीच्या घरी परस्पर सांगून टाकलं होतं. न लागली तर मांडवातून उठेन, असं प्राचीच्या वडिलांनीही सांगून टाकलं होतं. आणि आता उरलेला शेवटचा इंटरव्ह्यू घ्यायला पुण्याचे मोठे साहेब येणार होते ते नेमके लग्नाच्या आदल्या दिवशी.

*

म्हणजे हळद लागलेली. अंगाला हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवऱ्याने वेस ओलांडायची नाही. हातात लिंबू टोचलेली सुरी धरायची, ती क्षणभरही सोडायची नाही. तुम्ही ओव्याच्या हळदीला गेला असाल तर तिथल्या बायकांपुढे यावर कुणी वाद घालेल का ते सांगा.

साहेब आले. पहिला उमेदवार झाला, दुसरा झाला. निलेशचं नाव पुकारलं, कुणी नाही. मी पाणी प्यायले, बाहेर जाऊन आले, परत पाणी प्यायले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी गेटकडे.

आला! इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, सगळं मी सांगितल्यासारखं. कान पिवळे, मान पिवळी, हात पिवळे, आणि हातात सुरी. गाडीत आई.

दत्तूमामांनी अडवला. धारदार वस्तू आत न्यायची नाही, कंपनीचा नियम. निलेश म्हणाला, सोडायची नाही, आईला शब्द दिलाय. मामा हटेनात, हा हटेना. मी मध्ये पडून दोघांवरही ओरडत होते. शेवटी मॅडम साहेबांना घेऊन गेटवर आल्या, मामांच्या केबिनमधल्या दोन खुर्च्या बाहेर मांडल्या आणि इंटरव्ह्यू तिथेच सुरू झाला.

साहेबांनी कामाचं विचारलं. त्याने नीट उत्तरं दिली, अर्धा दिवस खोके उगाच नव्हते उचलले. मग साहेब त्या लिंबाकडे बघत म्हणाले, "आमच्याकडेही हे असतं. हळद लागल्यावर वेस ओलांडत नाहीत ना? मग घरच्यांनी सोडलं कसं?"

निलेश म्हणाला, "आयेला सांगितला, वेस दाखव, मंग नाय ओलांडत. सगलीकडं टॉवर. तिला पन नाय घावली."

हायवेवरून ट्रक जात होते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "लग्न होऊ दे. सोमवारपासून ये. सुरी मात्र घरी ठेव."

मी धावत गाडीपाशी गेले. त्याच्या आईने काच खाली केली. "घेतला काय गो?" मी जोरजोरात होकाराची मान हलवली. ती उतरली. पिशवीतून हळदीची वाटी काढली आणि माझ्या दोन्ही गालांना लावली. मग मॅडमना. साहेब मागे सरकत होते, पण मागे भिंत होती.

थोड्या वेळाने साहेबांची गाडी निघाली. गालांवर हळद तशीच. दत्तूमामांनी गेटचा दांडा वर केला नाही. साहेबांनी काच खाली करून विचारलं, काय झालं?

मामा म्हणाले, "हळद लागलीय, साहेब. लग्न लागेपर्यंत थांबावं लागेल."