उपासाचे डेलिया

मला बागेची आवड नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई फुलांसाठी जीव टाकणारी होती. मँचेस्टरच्या आमच्या घरामागे हातभर लॉन होतं. ते नवऱ्याने वेळ मिळेल तेव्हा कापायचं असं ठरलं होतं, आणि तो हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर असल्याने त्याला वेळ कधीच मिळत नसे. मी लायब्ररीत अर्धवेळ नोकरी करत होते. बाग म्हणावी अशी बाग होती ती लाकडी कुंपणापलीकडे, शेजारच्या बाईंची.

या बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याने एक डेलिया स्वतः बी पेरून, वर्षानुवर्षं निवड करत तयार केला होता. रंग पिकल्या जांभळाचा आणि प्रत्येक पाकळीचं टोक मात्र हळदीत बुडवल्यासारखं पिवळं. त्या गृहस्थांनी त्याचा कंद कधी कुणाला दिला नाही, दाखवायला कुठे नेला नाही. ते गेले आणि तो डेलिया त्या एका वाफ्यात उरला. जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं बाई मला कुंपणावरून सांगायच्या, आणि सांगताना फुलाकडे न बघता माझ्याकडे बघायच्या.

डेलियाचं झाड म्हणजे खाली कंदांचा घोस असतो. इथल्या हिवाळ्यात तो जमिनीत ठेवला तर गोठून कुजतो. म्हणून पहिल्या फ्रॉस्टने पानं काळी पडली की गड्डे खणून काढायचे, माती झटकायची, देठ उलटे करून पाणी निथळू द्यायचं आणि कोरड्या वाळूत किंवा कागदात गुंडाळून अंधाऱ्या, थंड पण न गोठणाऱ्या जागी वसंतापर्यंत ठेवायचे. दर हिवाळ्यात बाई हे सगळं स्वतः करत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडच्या त्या वर्षी मात्र त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर मुलीकडे ब्रिस्टलला जाऊन वसंतापर्यंत राहायचं होतं, आणि घर बंद, हीटिंग बंद.

एका सकाळी त्या काठी टेकत आमच्या दारात आल्या. मागे टॅक्सीवाला लाकडी पेटी घेऊन उभा होता. पेटीत वाळूत तीन गड्डे, देठाला लेबल बांधलेलं. "झोपलेत," त्या म्हणाल्या. "झोपू द्या. महिन्यातून एकदा बघा, कुजलेलं दिसलं तर तेवढं कापा. बाकी काही करू नका."

इतकी वर्षं त्या गल्लीत काढली होती. सुट्टीवर जाताना लोक मांजर सांभाळायला द्यायचे, किल्ली द्यायचे. पण गेली तर परत मिळणार नाही अशी वस्तू कुणी माझ्या हातात पहिल्यांदाच दिली होती. मी ती पेटी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे, अगदी देव ठेवावा तशी ठेवली.

त्याच सुमाराला सासूबाई पुण्याहून आल्या, पाच महिन्यांसाठी. माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे हाताला चव आणि जिभेला धार. महिन्यातल्या दोन्ही एकादश्या त्या करायच्या. साबुदाणा त्यांनी बॅगेतून आणला होता, भगर आणली होती. आणता आली नाहीत ती फक्त रताळी. आणि रताळी हा त्यांचा जीव की प्राण. तुपावर परतलेले काप, वर चिमूटभर साखर, की त्यांचा उपास सार्थकी लागला.

"इथे रताळी अगदीच मिळत नाहीत का गं?" त्यांनी दोनदा विचारलं.

"मिळतात, इंडियन दुकानात. शनिवारी जाऊ तेव्हा आणते."

शनिवारी पाऊस होता. पुढच्या शनिवारी नवऱ्याला ड्यूटी लागली. राहून गेलं.

मार्गशीर्षातल्या एकादशीला मी लायब्ररीतून घरी आले तेव्हा चारच वाजले होते, पण बाहेर काळोख झाला होता. दार उघडताच साजूक तुपाचा वास आला. सासूबाई हीटरजवळच्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या आणि इतक्या खुशीत की इंग्लंडात आल्यापासून मी त्यांना तशा पाहिल्या नव्हत्या.

"तुझ्यासाठी काप ठेवलेत वाटीत," त्या म्हणाल्या. "उपास नसला म्हणून काय झालं. जरा पाणचट आहेत, इथल्या मातीचा गुण असेल. पण वेलासकट ताजी आणलीस, मग मला बोललीस का नाही?"

"काय आणलं मी?"

"रताळी. जिन्याखाली ठेवलीस ना? चटई शोधायला गेले तर दिसली. म्हटलं, माझ्यासाठी आणली आणि सांगायचं विसरली पोर."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी पेटीचा विचारसुद्धा मनात आला नाही. शेजारच्या बाई डॅफोडिलचे कांदे लावत असत तेव्हा एकदा म्हणाल्या होत्या, हे विषारी असतात, कुत्र्यालाही जवळ येऊ देऊ नये. मग डेलियाचं काय? मला काहीच माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलला फोन लावला. ऑपरेटरने नवऱ्याचा पेजर वाजवला. तो लाइनवर येईपर्यंत मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

"अहो, आईंनी डेलियाचे कंद खाल्लेत."

"काय खाल्लं?"

"शेजारच्या बाईंचे. फुलांचे. तळून."

तो एकदम डॉक्टरच्या आवाजात बोलायला लागला. उलटी होतेय का, घशात आग होतेय का, किती खाल्ले, कधी खाल्ले. मी एकेक प्रश्न सासूबाईंना विचारत होते आणि त्या गोंधळून उत्तरं देत होत्या. "होल्ड कर, पॉयझन्सवाल्यांना विचारतो," म्हणून त्याने रिसीव्हर बाजूला ठेवला. मागे ट्रॉल्यांचा आवाज येत होता. सासूबाईंना आता कळलं होतं की काहीतरी भलतं झालं आहे. त्यांनी हात जोडले नाहीत की रडल्या नाहीत. पदर नीट केला आणि ताठ बसल्या.

"एडिबल आहेत," नवरा शेवटी म्हणाला. "पोटात गॅस होईल, बाकी काही नाही. कोमट पाणी दे. आणि हे बघ, शेजारच्या बाईंना ब्रिस्टलला फोन करून सांगून टाक."

भीती उतरली आणि तिच्या जागी संताप आला. मी जिन्याखाली गेले. पेटीतले जाडजूड कंद सगळे गेले होते. लेबलं तेवढी वाळूतून वर डोकावत होती. मी बाहेर येऊन जे तोंडाला येईल ते बोलले. परक्याच्या घरात न विचारता कपाटं उघडायची नसतात, हे बोलले. ते घर त्यांच्या मुलाचं होतं, पण जीभ सैल सुटली की ती नाती बघत नाही. त्या डेलियाची सगळी हकीकतही सांगितली: तो माणूस, त्याची निवड, तो एकुलता एक वाफा.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डोळे ठेवलेत मी."

"कसले डोळे?"

"सुरण चिरताना डोळा काढून ठेवतो ना लावायला, तसे. देठाकडचा भाग कापला नाही. बारीक कंद होते तेही तसेच ठेवले. कापलेल्या जागेला राख लावलीय." उदबत्तीची राख त्या देवांपुढच्या एका डबीत साठवून ठेवायच्या, ती सगळी त्यांनी वापरली होती. माहेरची सवय, हाताने आपोआप केलेली. पेटीत तळाशी, वाळूत, खरंच तीन बोडके देठ होते. खालच्या बाजूला गाठी आणि बोटाएवढे सुकडे कंद.

त्यातून झाड येईल की नाही, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. लायब्ररीत बागकामाची जेवढी पुस्तकं होती तेवढी मी उघडली. कोंब फुटतो तो देठाच्या बुडाशी, इथवर दिलासा होता. पण कापलेला कंद ओला राहिला तर बुरशी धरतो आणि फार कोरडा झाला तर सुकून मरतो, हेही लिहिलं होतं. आमच्याकडचे सगळेच कापलेले होते.

त्यानंतरचा हिवाळा आम्ही दोघींनी त्या पेटीभोवती काढला. बोलणं कामापुरतं. रोज सकाळी सासूबाई अंघोळ करून, देवाची पूजा आटोपून जिन्याखाली वाकायच्या आणि वास घ्यायच्या. कुजण्याचा वास आधी त्यांना यायचा. नाताळच्या आठवड्यात एक देठ मऊ लागला. मी सुरी घेऊन कापत गेले, कापत गेले, आणि शेवटी हातात काही उरलं नाही. राहिले दोन.

रविवारी ब्रिस्टलहून फोन यायचा. बाई आधी खुब्याचं सांगायच्या, मग मुलीच्या कुत्र्याची तक्रार करायच्या, आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, विचारायच्या, "झोपलेत ना नीट?" मी म्हणायचे, झोपलेत. नवरा पेपरमागून माझ्याकडे बघायचा.

"आत्ता सांगून काय करू?" मी त्याला म्हणायचे. "त्या तिथे पाय घेऊन पडल्यात. रात्रंदिवस तोच घोर लागेल. परत आल्या की तोंडावर सांगीन."

"आणि एकही आला नाही तर?"

मी उठून जिन्याखाली पेटी बघून यायचे.

जानेवारीत गारठ्याची लाट आली आणि नेमका बॉयलर बंद पडला. नळाला पाणी येईना. मी कपाट उघडलं तर पेटी जागेवर नव्हती. वर सासूबाईंच्या खोलीत गेले. पेटी त्यांच्या पलंगावर, भिंतीच्या बाजूला होती, वर त्यांची शाल. त्या स्वतः कोट घालून कडेला अंग चोरून बसल्या होत्या. बॉयलर दुरुस्त झाला तेव्हा त्यांनीच पेटी खाली नेऊन ठेवली. त्या गारठ्यात आणखी एक गेला. उरला एकच देठ.

त्यांचे पाच महिने संपले तेव्हा मार्च सरत आला होता आणि त्या देठावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. विमानतळावर त्यांनी नवऱ्याला जवळ घेतलं. मला म्हणाल्या, "पाणी घालायची घाई करू नकोस." एवढंच. मी वाकून नमस्कार केला. राग तोवर गेला होता, पण गेला म्हणून सांगायला मला जमलं नाही.

एप्रिलमध्ये बाई परतल्या. मी पेटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. उपास काय असतो, रताळं काय असतं, सासूबाईंना काय वाटलं, आणि तीनपैकी दोन कसे गेले. बाई उठल्या नाहीत. केटल शिट्टी मारत होती, ती बंद करायलाही त्यांनी हात पुढे केला नाही. मग त्यांनी तो देठ उचलून खिडकीपाशी धरला, अंगठ्याने बुडाशी चाचपडलं.

"चवीला कसे होते?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही. मी खाल्ले नाहीत."

"त्यांनीही कधी खाल्ले नव्हते," त्या म्हणाल्या. ते म्हणजे त्यांचा नवरा. काही हरकत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला तेच बरं वाटलं. खोटी सभ्यता मला सहन झाली नसती.

मे महिन्यात कुंडीत कोंब आला. आला तसा गोगलगाईंनी खाल्ला. दुसरा आला. बाईंना वाकता येत नव्हतं म्हणून रोज कामावरून आल्यावर मी कुंपणापलीकडे जाऊन गोगलगाई वेचत होते. बागेची आवड नसलेली बाई, हातात मिठाचा डबा घेऊन. झाड वाढलं, पण कळी धरेना. धरली तेव्हा ती हिरवी गोळी बघून रंग कळेना. कापाकापीने रंग बदलत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. तरी ऑगस्टमध्ये ती उमलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

जांभळी. टोकं पिवळी. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

मी घरी येऊन पुण्याला फोन लावला. "आई, फूल आलं."

पलीकडे लाइन खरखरत होती. "तोच रंग आहे ना?"

"तोच."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ठेव आता. उगाच बिल वाढेल."

मला ते लागलं, खोटं का बोलू. हिवाळाभर जीव काढला आणि ऐकायला मिळालं ते बिल.

त्यानंतर चारेक वर्षांनी आम्ही पुण्याला गेलो. तिथे असताना एका एकादशीला धाकट्या जावेने फराळाचं केलं होतं. भगर, दाण्याची आमटी, आणि ताटभर रताळ्याचे काप, तुपात खमंग परतलेले. सासूबाई पाटावर बसल्या. मी कौतुकाने त्यांच्या ताटात काप वाढायला गेले, तशी जावेने माझा हात धरला.

"त्यांना नको. त्या रताळं खात नाहीत."

"आई? रताळं?"

"सोडलंय त्यांनी," जाऊ हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचा फोन नव्हता का आला, कसलंसं फूल आलं म्हणून? त्या दिवसापासून. फूल आलं तर जन्मभर रताळं खाणार नाही, असं बोलल्या होत्या देवापुढे."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. पलंगावरची ती पेटी आठवली, वरची शाल आठवली. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत. जरा वेळाने त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. शेजारच्या बाईंचा प्रश्न इतकी वर्षं माझ्याकडे तसाच पडून होता.

"आई, चवीला कसे होते हो ते?"

सासूबाईंनी खरंच आठवून बघितलं. मग भगरीत आमटी कालवत म्हणाल्या, "ठीक होते. रताळ्याची सर नाही."