काका पाण्यात पडले तेव्हा

काका अमेरिकेत, फीनिक्सला, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मूळचे नागपूरचे, भूलतज्ज्ञ. रिटायर झाल्यावर त्यांना बास मासे पकडायचा नाद लागला आणि त्यांनी बोट घेतली. काकू एकदाच बरोबर गेल्या. "पकडायचा आणि परत सोडून द्यायचा, मग जायचं कशाला?" म्हणाल्या, आणि पुन्हा बोटीत पाय ठेवला नाही. त्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली होती. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून असे. एका शुक्रवारी काका म्हणाले, "उद्या तलावावर चल. तेवढंच मोकळं वाटेल."

तलाव म्हणजे वाळवंटातलं प्रचंड धरण. दोन्ही बाजूंना खडकाच्या उभ्या भिंती, आणि पाणी उतरल्यामुळे त्यांच्यावर उमटलेला पांढरा पट्टा, आमच्या दुमजली घरापेक्षा उंच. पाय टेकवायला कुठे काठ म्हणून नव्हता. सकाळी काकांना दोन मासे मिळाले. ते बोटीच्या पुढच्या टोकावर उभे राहून गळ टाकत होते. तिथे पायाशी एक पेडल होतं. ते दाबलं की छोटी इलेक्ट्रिक मोटर बोट हळूहळू पुढे नेई, आणि कलवलं की बोट वळे. ऊन चढल्यावर त्यांनी लाइफ जॅकेट काढून सीटवर टाकलं.

अकराच्या सुमाराला वारा सुटला. बाजूच्या घळीतून एकदम आला. बोट कलली, मी बाकाला धरलं आणि वर पाहिलं तर काका नव्हते.

डोकं वर आलं. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. वर ऊन असलं तरी पाणी अजून हिवाळ्याचंच होतं. वारा बोटीला त्यांच्यापासून लांब ढकलत होता. मी त्यांचं जॅकेट उचलून जोरात फेकलं. ते अर्ध्यावर पडलं आणि लाटांवरून भलतीकडेच निघालं. मी किल्ली फिरवली. इंजिन गप्प. पुन्हा फिरवली. मग लक्षात आलं, जॅकेटला एक लाल क्लिप दोरीने बांधलेली होती, चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद पडावं म्हणून. ती किल्लीजवळच्या खाचेत बसवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, हे काकांनी सकाळी दाखवलं होतं, आणि मी ती जॅकेटबरोबर फेकून दिली होती.

आपणच काकांना मारलं, असं मला स्पष्ट वाटलं. मी "काका! काका!" एवढंच ओरडत होते. दुसरी एकही बोट दिसत नव्हती. फोनला रेंज नव्हती.

पेडलपाशी, बोटीच्या पुढच्या टोकावर जायला हवं होतं, ते पडले त्याच जागी. उभं राहायची हिंमत नव्हती. मी रांगत गेले आणि दोन्ही तळहातांनी पेडल दाबलं. मोटर घरघरली. बोटीचं तोंड वळायला इतका वेळ लागला की मध्ये दोनदा काका मला दिसेनासे झाले. ते पाठीवर तरंगत होते. जवळ गेल्यावर त्यांचा आवाज आला.

"सोड! पेडल सोड! पंखा लागेल!"

मी सोडलं आणि त्यांची कॉलर पकडली.

"वर ओढू नकोस. तूही पडशील. मागे शिडी आहे."

मी पोटावर पडून, त्यांचं मनगट धरून, बोटीच्या कडेकडेने त्यांना मागे नेलं. तिसऱ्या खेपेला ते शिडी चढले आणि बोटीच्या तळाशी आडवे झाले. ओठ निळे पडले होते. बोट खडकाकडे सरकत होती.

"काका, क्लिप गेली. मी फेकली."

त्यांना हात नीट उचलता येईना. हनुवटीनेच खुणावलं. "तो डबा. दुसरी आहे."

डब्यातले गळ माझ्या बोटांत रुतले, ते मला घरी पोचल्यावर कळलं. क्लिप बसली, इंजिन लागलं. ते सांगत गेले आणि मी चालवत गेले.

धक्क्यावर दोघा माणसांनी बोट ट्रेलरवर चढवून दिली. काकांनी कोरडे कपडे घातले. गाडीत मी स्टिअरिंगवर बसले आणि हीटर पूर्ण सोडला.

"काकूंना काय सांगायचं?" मी विचारलं.

"सगळं सांग. मला जमणार नाही." मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, "थंड पाण्यात आधी हात जातात. मग माणसाला भीती वाटेनाशी होते. मला वाटेनाशी झाली होती गं."

त्यानंतर मला गाडी चालवता येईना. धक्क्यावर रेंज होती. शेवटी मी काकूंना फोन लावला आणि त्या दुसरी गाडी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच थांबलो.