फाटकाची किल्ली

आमच्याकडे कारखाने नुकते आले होते. एका कंपनीनं पवनेकाठी बाग केली आणि राखायला गावातलाच एक म्हातारा ठेवला. मी त्यांना मामा म्हणायची. या माणसानं मला किती वैताग दिला, काय सांगू. हिरवळीवर पाय पडला की शिट्टी, फुलाकडे नुसतं वाकलं तरी शिट्टी.

नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुवायच्या आणि काठावरच वाळत घालायच्या, ही आमची रीत. त्या काठावर आता बाग झालेली. एकच गोधडी धुवायची राहिली होती; ती भिजलेली ओढत वर आणली तर मामा समोर उभे.

"हितं वाळवायची न्हाई, सूनबाई. सायबाचा हुकूम हाय."

"मग पिळायला साहेबालाच बोलवा," मी म्हटलं.

पुटपुटत त्यांनी दुसरं टोक धरलं, पिळलं आणि गोधडी बागेतल्या आपल्या खोपटावर टाकली. वर म्हणतात कसे, "खोपाट बागंत धरत न्हाईत."

संध्याकाळी न्यायला गेले तर फाटकाला कुलूप आणि मामा आत. सकाळी घट बसायचे होते आणि त्याआधी धुणं घरात आलं नाही तर सासूबाई मला उभं करणार नव्हत्या.

"मामा, उघडा ना. किल्ली तुमच्या कमरेलाच आहे."

"हाय की. पर दिवेलागणीनंतर फाटक उघडायचं न्हाई."

मी रडकुंडीला आले. तशी मामांनी गोधडी डोक्यावर घेतली, भिंतीवर चढले, धोतर फाडून घेतलं आणि माझ्यापुढं उतरले. गोधडी माझ्या हातात दिली आणि धापा टाकत पुन्हा भिंतीवरूनच आत गेले.